मिशनच्या शाळेतलं मैदान: रविवारच्या स्पर्धा आणि रिलेतली पाचवी मुलगी

फक्की_आणि_दोरी | १४ ऑक्टोबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी.

वसई तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या मिशन शाळेत मी सोळा वर्षं पीटी शिकवतोय. मुलं सगळ्या घरांतली आहेत. ख्रिस्ती साधारण निम्मी, बाकी हिंदू, मुसलमान, पाड्यांवरची आदिवासी मुलं. मैदान मुरमाचं. जून ते सप्टेंबर तिथे गुडघाभर चिखल असतो आणि तालुक्याच्या स्पर्धा नेमक्या त्याच सुमारास येतात. यातलं कशाचंच रडगाणं नाही, एवढ्यात जमवायची सवय आहे.

मनाला लागलंय ते वेगळंच. गेल्या महिन्यात जिल्ह्याच्या मैदानी स्पर्धा शनिवार-रविवारी होत्या. सतरा वर्षांखालच्या मुलींची चार गुणिले शंभर रिले शनिवारी फायनलला पोचली आणि फायनल रविवारी सकाळी नऊला लागली. तिसऱ्या टप्प्याला धावणाऱ्या मुलीच्या वडिलांनी शनिवारी रात्री फोन केला: "सर, रविवारची मिस्सा चुकवून ती येणार नाही." रविवारऐवजी शनिवार संध्याकाळची मिस्सा (चर्चमधली उपासना) चालते हे त्यांनाही माहीत आहे, मलाही. पण शनिवारी आम्ही परतलोच मुळी रात्री साडेआठला. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. ज्या घरात श्रद्धा पाळली जाते, त्या घरावर विश्वास ठेवूनच तर आमची शाळा उभी आहे.

मग राखीव मुलगी धावली. नववीतली. दोन वर्षं तिचं नाव यादीत पाचवं होतं. रोज सरावाला यायची, चौघींच्या चपला सांभाळायची, बाटल्या भरून आणायची. आणि या दोन वर्षांत बॅटन (रिलेतली दांडी) बदलायचा सराव मी तिच्याकडून मोजून चार-पाच वेळा करून घेतला असेल. सगळा वेळ 'पक्क्या' चौघींना दिला. तिसऱ्या बदलाला तिने बॅटन पुढे केला, पुढच्या मुलीने हात मागे केला तो जरा वर, तिच्या सवयीप्रमाणे. बॅटन तिच्या मनगटावर आपटून खाली पडला. परतीच्या गाडीत ही मुलगी खिडकीला डोकं टेकून बसली ती विरारपर्यंत बोलली नाही. सोमवारपासून मैदानावर येत नाही.

चूक माझी आहे. मला विचारायचंय ते एवढंच: ख्रिस्ती शाळेत मैदान चालवताना तुम्ही रविवारचं काय करता? आणि निवड कशी करता, म्हणजे पाचवी, सहावी, पंचविसावी मुलगी नुसती बाटल्या भरणारी होणार नाही?

नगरची_वाट | १४ ऑक्टोबर, रात्री ११:२५

सर, वाचून गलबलून आलं. मी अहिल्यानगरच्या एका मिशन होस्टेलात वाढलो. आम्ही प्रोटेस्टंट, त्यामुळे आमच्याकडे शनिवार संध्याकाळची सोय नव्हती. रविवार म्हणजे रविवार. आमचे पाळकसाहेब स्पर्धेच्या दिवशी पहाटे साडेपाचला होस्टेलच्या ओट्यावर छोटी उपासना घ्यायचे, दोन गीतं, एक शास्त्रपाठ, प्रार्थना, आणि मग आम्ही गाडीत. काही घरांना ते पटायचं, काहींना नाही. ज्यांना पटत नसे त्यांच्या मुलांना कोणी बोल लावत नसे.

रविवारचा विषय निघाला की सगळे स्कॉटिश धावपटू एरिक लिडेलचं नाव काढतात. १९२४चं पॅरिस ऑलिंपिक, शंभर मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी, हा धावला नाही, मग ४०० मीटरला ४७.६ सेकंदांत सुवर्ण. पण त्या गोष्टीतला एक भाग आपण गाळतो. तो आदल्या रात्री नाही म्हणाला नव्हता. वेळापत्रक त्याला महिनोन्‌महिने आधी कळलं होतं आणि तेव्हापासून तो ४००ची तयारी करत होता. श्रद्धा होतीच, तिला तयारीला वेळही मिळाला.

तुमच्या मुलीच्या वडिलांना तो वेळ मिळाला नाही. तुम्हालाही नाही. जुलैतच प्रत्येक पालकाला विचारून ठेवा: फायनल रविवारी आली तर तुमची मुलगी धावेल का? हो की नाही, काहीही चालेल. ज्या घरातून नाही येईल, ती मुलगी शनिवारच्या इव्हेंटला. लांब उडी आहे, गोळाफेक आहे, ६०० मीटर आहे.

आगाशीची_आई | १५ ऑक्टोबर, सकाळी ७:०५

सर, माझी मुलगीही नववीत आहे, दुसऱ्या शाळेत, तीही धावते. एक गोष्ट आईच्या नजरेने सांगते. ती मुलगी त्या दिवशी काय खाऊन आली होती, हे कोणी विचारलं का?

आठवीपर्यंत शाळेत पोषण आहार मिळतो. खिचडी म्हणा, डाळभात म्हणा, दुपारी पोटात काहीतरी पडतं. नववीला तो बंद. माझी लेक साडेदहाला जेवून निघते, शाळा साडेपाचला सुटते आणि नंतर पावणेसातपर्यंत सराव. मधल्या सुट्टीत वडापाव घेतला तर घेतला, नाहीतर मैत्रिणीच्या डब्यातले दोन घास. शाळेत सोमवारी देतात ती लोहाची निळी गोळीही रिकाम्या पोटी घेतली की मळमळते, म्हणून मुली ती गपचूप दप्तरात टाकतात. मी स्वतः माझ्या मुलीच्या दप्तरात तीन गोळ्या पाहिल्या. डॉक्टरकडे नेलं तर हिमोग्लोबिन नऊ पूर्णांक काहीतरी. आणि ही मुलगी रोज सहा चकरा मारत होती!

मुलींना पळवण्याआधी खायला घाला, सर. आपल्या वसईत काय कमी आहे? केळी आहेत, आमच्या आगाशीची सुकेळी आहेत, चणे-गूळ आहे.

फक्की_आणि_दोरी | १५ ऑक्टोबर, दुपारी १:१५

ताई, पोषण आहार आठवीला संपतो हे मला माहीत होतं. नववीपासून माझ्या मुली गळतात, तेही माहीत होतं. मी नेहमी म्हणायचो, "क्लास सुरू झाले, पालक सोडत नाहीत." या दोन गोष्टी शेजारी ठेवून मी कधी बघितल्याच नाहीत. आज सकाळी बारा मुलींना विचारलं. सात जणींनी काल साडेदहानंतर सरावाआधी काहीच खाल्लेलं नव्हतं.

पदक_हवंच | १५ ऑक्टोबर, रात्री ९:३०

थोडं वेगळं बोलतो. राग मानू नका.

मी आदिवासी पट्ट्यातल्या आश्रमशाळेत शिकवतो. आमच्याकडे 'सगळ्यांना संधी' हे वाक्य ऐकायला गोड लागतं, पण माझ्या एका मुलाला राज्यस्तराचं प्रमाणपत्र मिळालं तर त्याला दहावीला सवलतीचे गुण मिळतात आणि खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणातून नोकरीचं दार किलकिलं होतं. नाशिकच्या सावरपाड्यातून कविता राऊत देशासाठी धावायला गेली. बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२२ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसमध्ये (अडथळ्यांच्या लांब शर्यतीत) ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य घेऊन आला. यांच्यामागे कुणीतरी भरपूर वेळ दिलेला असतो. एका शिक्षकाकडे चारशे मुलं आणि रोजचा दीड तास. तो सगळ्यांत वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला काहीच येत नाही आणि जे एखादं पोर खरंच वर जाणार असतं तेही राहून जातं.

पाचव्या मुलीचं मलाही वाईट वाटतं. पण पहिल्या मुलीला जे लागतं ते काढून घेऊ नका.

सिस्टर_मुअ | १६ ऑक्टोबर, सकाळी ६:१०

नमस्कार. मी एका मिशन शाळेची मुख्याध्यापिका आहे. सरांसारखीच परिस्थिती आमचीही होती.

वरच्या गुरुजींशी मी एका बाबतीत सहमत आहे. जी मुलगी पुढे जाणार आहे, तिला पूर्ण वेळ मिळाला पाहिजे. पण ती कोण, हे आपल्याला पाचवीत कळत नाही. जी मुलं वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली असतात ती त्या गटात थोराड असतात, ती जिंकतात, आपण त्यांना निवडतो, आणि डिसेंबरात जन्मलेलं पोर नववीत ताडमाड वाढतं तेव्हा ते मैदान सोडून गेलेलं असतं. म्हणून आमच्याकडे सातवीपर्यंत निवड चाचणीच नाही. सगळे धावतात, सगळे उड्या मारतात. आठवीपासून निवड.

यासाठी मला भांडावं लागलं. शाळेला मदत करणाऱ्या काहींना ऑफिसातल्या काचेच्या कपाटात ढाली हव्या होत्या. मी त्यांना मैदानावर घेऊन गेले. कुबडी घेऊन धावणारा सहावीचा मुलगा दाखवला, त्याला पन्नास मीटरला किती वेळ लागला ते त्याच्याच तोंडून ऐकवलं. गेल्या वेळेपेक्षा चार सेकंदांनी कमी. त्याला आकडा पाठ होता.

आणखी एक. स्पर्धेआधी आपण प्रार्थना घेतो. ख्रिस्ती शाळा आहे, घ्यावी. पण संघातल्या सगळ्या मुली ख्रिस्ती नसतात. संविधानाच्या २८व्या कलमात स्पष्ट आहे की अनुदानित किंवा मान्यताप्राप्त संस्थेत कोणालाही संमतीशिवाय उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही, आणि मूल अल्पवयीन असेल तर संमती पालकांची. कायदा नसता तरी मी तेच केलं असतं. आम्ही गोल करून हात धरतो आणि एक मिनिट शांत उभे राहतो. कोणी मनात 'आमच्या बापा' म्हणतं, कोणी गणपतीला हाक मारतं, कोणी नुसते डोळे मिटतं. नवरात्रात ज्या मुलींचा उपवास असतो आणि रमजानात ज्यांचा रोजा असतो, त्यांना त्या दिवसांत लांब पल्ल्याला उतरवत नाही. ख्रिस्ती मुलीच्या रविवारचा मान ठेवा म्हणताना बाकीच्यांच्या दिवसांचाही ठेवायला हवा.

जुना_पीटी | १६ ऑक्टोबर, सायंकाळी ५:५०

सिस्टरांना +१.

निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण हा विषय जिवाचा आहे. मिशनच्या शाळांनी आणि वायएमसीएने (यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन) आपल्याकडे शारीरिक शिक्षणाची घडी बसवली, हे आजच्या शिक्षकांना कोणी सांगत नाही. हॅरी बक यांनी १९२०ला मद्रासला वायएमसीएचं शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं. माझ्या गुरूंचे गुरू तिथून शिकून आले होते.

बास्केटबॉलचा जन्मही वायएमसीएतलाच. १८९१चा डिसेंबर, स्प्रिंगफील्ड, बाहेर थंडी, आणि जेम्स नेस्मिथ यांच्यापुढे कंटाळलेल्या अठरा जणांचा वर्ग. त्यांनी नऊ-नऊचे दोन संघ केले. का नऊ? तर वर्गात अठरा होते. एकालाही बाहेर बसवायचं नव्हतं. पाच-पाचचा नियम नंतर आला. मी प्रशिक्षणाला येणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला हे सांगायचो: आधी मुलं मोजा, मग खेळ ठरवा.

रिलेचं सांगतो. चार जणींचा संघ कधीच करू नका. सहा जणींचा करा आणि रोज जोड्या बदला. आज पहिली तिसरीला देईल, उद्या सहावी पहिलीला. घेणाऱ्या सगळ्यांचा हात एकाच उंचीला आला पाहिजे, कमरेच्या किंचित मागे, तळवा वर, अंगठा बोटांपासून लांब. देणारीने "घे" म्हटल्याशिवाय हात मागे न्यायचा नाही आणि घेणारीने मागे वळून बघायचं नाही. आता बॅटन बदलायचा पट्टा तीस मीटरचा आहे, पूर्वी वीसचा होता, म्हणजे आता सावकाशीला जागा आहे. सहाही जणींचे हात एकसारखे झाले की आयत्या वेळी कोणीही उभी राहू दे.

ऑस्टिनचा_बाबा | १६ ऑक्टोबर, रात्री ११:५५

मी मूळचा नाशिकचा, आता टेक्ससमध्ये. मुलगी इथल्या एका छोट्या ख्रिस्ती हायस्कूलमध्ये आहे, आम्ही ख्रिस्ती नाही. रविवारी शाळेचं काहीही नसतं, आणि बुधवारी संध्याकाळी पोरं चर्चला जातात म्हणून त्या दिवशी सराव लवकर संपतो. वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडर हातात येतं. त्यामुळे वाद होत नाही.

पण मला सांगायचंय ते क्रॉसकंट्रीबद्दल, म्हणजे ट्रॅकबाहेर मोकळ्या वाटेवर धावायच्या लांब शर्यतीबद्दल. माझी मुलगी बास्केटबॉलच्या चाचणीत बाद झाली. रडली. मग कोच म्हणाल्या, क्रॉसकंट्रीला ये, तिथे आम्ही कोणाला बाद करत नाही. हिचा वेग अगदी साधारण आहे. तरी तीन वर्षं टिकली, कारण तिथला हिशेबच वेगळा आहे. प्रत्येक संघातल्या पहिल्या पाच जणींचे क्रमांक मिळवायचे. ज्यांची बेरीज कमी तो संघ जिंकला. पहिले पाचही नंबर एकाच संघाचे आले तर बेरीज पंधरा, त्याहून कमी शक्य नाही. एकटी राणी पहिली आली आणि तिची पाचवी मैत्रीण साठावी आली, तर संघ हरतो. म्हणून पहिली आलेली मुलगी पाणी न पिता परत मागे जाते आणि पाचवीला ओरडून ओरडून पुढे आणते. मी हे डोळ्यांनी पाहिलंय.

सहाव्या आणि सातव्या मुलीचे क्रमांक बेरजेत धरत नाहीत, पण त्या समोरच्या संघातल्या कोणाच्या पुढे आल्या तर त्यांचा नंबर मागे ढकलला जातो. म्हणजे त्यांचं धावणंही वाया जात नाही.

ट्रॅक लागत नाही, स्पाइक लागत नाहीत. तुमच्याकडे तर समुद्र आहे.

पदक_हवंच | १७ ऑक्टोबर, सकाळी ८:२०

बुवा, हे आवडलं. यात माझं पोरही पुढे जातं आणि बाकीचेही राहतात. आमच्याकडे समुद्र नाही, पण डोंगर आहे. करून बघतो.

फक्की_आणि_दोरी | २९ नोव्हेंबर, रात्री ९:१०

मंडळी, दिवाळीच्या सुट्टीनंतर काय काय झालं ते सांगायचं होतं.

पालकांचं पत्र तयार झालं. एका पानाचं, दोनच प्रश्न: रविवारी खेळेल का, आणि तुमच्या घरी कोणते दिवस पाळता. पुढच्या जुलैची वाट न बघता आत्ताच दिलं. ज्या वडिलांनी त्या रात्री फोन केला होता ते स्वतः पत्र घेऊन आले. म्हणाले, "सर, त्या दिवशी घरात कुणीच जेवलं नाही. तुम्हाला वाटलं असेल आम्हाला काही वाटत नाही." आम्ही दोघं बराच वेळ मैदानाच्या कट्ट्यावर बसलो. त्यांची मुलगी आता उंच उडी करतेय.

खाण्याची व्यवस्था पॅरिशमधल्या (आमच्या चर्चमधल्या) महिलांनी उचलली. साडेपाचला घंटा झाली की प्रत्येकीला दोन केळी आणि मूठभर चणे. मग वीस मिनिटं बसायचं, मग सराव. निळी गोळी सोमवारी जेवल्यानंतरच, माझ्यासमोर.

आणि किनाऱ्यावरची शर्यत. भुईगावच्या वाळूत, ओहोटीला. पाणी मागे सरलं की ओली वाळू इतकी घट्ट होते की टाच रुतत नाही. दोन किलोमीटर जायचं, दोन यायचं. पाचवी ते नववीची ज्यांना यायचं ती सगळी मुलं आली, एकशे बारा. चार गट. शेवटाला दोरीची वाट केली होती आणि आत येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात क्रमांकाची पुठ्ठ्याची चकती देत होतो.

ती पाचवी मुलगी आली होती. मी बोलावलं नव्हतं, हिंमत झाली नव्हती माझी. वर्गातल्या मैत्रिणींबरोबर आली. मुलींत एकतिसावी आली, तिच्या गटात सहावी. चकती घेऊन सरळ माझ्याकडे आली आणि विचारलं, "सर, माझा नंबर धरला का?"

खोटं सांगायचं नव्हतं. मी म्हटलं, बेरजेत नाही. मग वाळूत बसलो आणि शिंपले मांडले. तिच्या गटाचे पांढरे, समोरच्या गटाचे काळपट. समोरच्या गटाची पाचवी मुलगी बत्तिसावी आली होती. मी हिचा शिंपला उचलला आणि मागचे सगळे एकेक जागा पुढे सरकवले. "आता बघ, तू नसतीस तर ती एकतिसावी असती. त्यांची बेरीज एकाने कमी झाली असती." तिच्या गटाची बेरीज ६५ होती, समोरच्यांचीही ६५च. ती शिंपल्यांकडे बघत राहिली. मग तिने स्वतः पुन्हा एकदा शिंपला काढून पाहिला आणि परत ठेवला. सोमवारी मैदानावर आली. रिलेला उभी राहशील का म्हणून विचारलं नाही. सहा जणींच्या रांगेत तिची जागा मोकळी ठेवलीय.

जुना_पीटी | २९ नोव्हेंबर, रात्री ९:४५

सर, डोळे भरून आले. तुमच्या मुरमाच्या मैदानावर दोनशे मीटरचा ट्रॅक बसतो का? पावसाळा संपलाय, आखून घ्या.

फक्की_आणि_दोरी | २९ नोव्हेंबर, रात्री १०:२०

बसतो, सर. आखायला घेतलाय. मैदान ९० बाय ५० मीटर आहे. सरळ भाग ४० मीटरचे दोन, आणि दोन्ही टोकांना अर्धवर्तुळं. मधल्या खुंटीपासून फक्कीच्या आतल्या रेघेपर्यंत दोरी १८.९० मीटर. कठडा नाही, नुसती रेघ आहे, म्हणून धावण्याचं माप रेघेपासून २० सेंटीमीटर बाहेर धरलं, म्हणजे १९.१०. लेन एक मीटर रुंद, चार. पूर्ण एक फेरी लेनमध्येच धावायची असेल तर बाहेरच्या प्रत्येक लेनला ६.२८ मीटर पुढून उभं करायचं, ट्रॅक लहान असो वा मोठा. हा हिशेब काल नववीला गणिताच्या तासाला दिला होता.

आगाशीची_आई | ३० नोव्हेंबर, सकाळी ६:५०

सर, पुढची किनाऱ्यावरची शर्यत कधी आहे? आमच्या शाळेच्या मुली आणल्या तर चालतील? सुकेळी मी घेऊन येईन.

फक्की_आणि_दोरी | ३० नोव्हेंबर, सकाळी ७:३०

जरूर आणा, ताई. नाताळाआधीचा शनिवार धरलाय, रविवार नाही. ओहोटी रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, त्यामुळे नक्की वेळ कोळीवाड्यात विचारून इथे टाकतो. चकत्या दीडशे करून ठेवतोय. मुली दीडशेहून जास्त होणार असतील तर आधी कळवा, पुठ्ठा आणावा लागेल.